सापडलेली बोटीची मोटर: आधी ओळख, मग दुरुस्ती

उन्हाळ्यात गोसेखुर्दचे पाणी उतरले की काठच्या गाळातून काय काय वर येते. जाळ्याचे शिसे, डोंग्याची फळी, आणि एखाद्या वेळी बोटीच्या मागे लावायची अख्खी मोटर. काही मोटरी कबाड्याकडून येतात. पवनी-भंडारा पट्ट्यातले ढिवर बांधव त्या आमच्याकडे आणतात आणि विचारतात, "भाऊ, चालू होईल का?" त्याआधी आम्हाला हवी असते ती मोटरची ओळख. कंपनी, मॉडेल आणि साल कळल्याशिवाय इम्पेलर, सील, कॉइल काहीच नेमके मागवता येत नाही, आणि अंदाजाने मागवलेला माल बहुधा परत जात नाही.

गाळात सापडलेली मोटर कुणाची तरी असते, मच्छीमार संस्थेची किंवा पुरात वाहून आलेली. म्हणून आधी पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

झाकणावरच्या नावावर आणि आकड्यावर जाऊ नका. मागे एका मोटरवर ४० हॉर्सपॉवरचे स्टिकर होते, झाकण काढले तर आत एकच प्लग. एका सिलिंडरची मोटर ४० ची नसते. स्टिकर कुणीतरी नंतर चिकटवले होते आणि ग्राहकाने पैसे मात्र चाळीसच्या हिशेबाने मोजले होते. आम्हाला फार वाईट वाटले.

खरी ओळख शिकंज्यावर असते, म्हणजे मोटर बोटीच्या फळीला आवळतो त्या कंसावर. तिथे मॉडेल आणि सिरियल नंबरची छोटी पट्टी असते. ती तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका, नंबर कायमचा जातो. साध्या पाण्यात भिजवा, दात घासायच्या जुन्या ब्रशने हळू गाळ काढा, वाळू द्या. मग अक्षरांवर पांढरा खडू फिरवून कापडाने वरवर पुसा. खडू खाचांत राहतो. टॉर्च बाजूने धरून फोटो काढा. पट्टीच गेली असेल तर ब्लॉक बघा. जॉन्सन, इव्हिनरूड आणि मर्क्युरीच्या बऱ्याच मोटरींत ब्लॉकवर ठोकलेल्या नाण्यासारख्या गोल चकतीवर नंबर असतो.

१९८० पासूनच्या जॉन्सन-इव्हिनरूडचे साल मॉडेल नंबरातच लपलेले असते. शेवटच्या अक्षराच्या लगेच आधीची दोन अक्षरे सहसा सालाची. 'इंट्रोड्यूसेस' या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरे क्रमाने १ ते ९ आणि शेवटचे ० धरायचे: आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९, एस ०. 'सी आर' दिसले तर ८४, म्हणजे १९८४. ही पद्धत यामाहा किंवा सुझुकीला लावू नका.

झाकणच नाही, वरचे चाक उघडे, त्याला दोरी गुंडाळून ओढायची आणि धुराची नळी वेगळी दिसते, अशी मोटर ब्रिटिश सीगल असण्याची शक्यता मोठी. तिचा नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. जुन्या सीगलला पेट्रोलच्या दहाव्या भागाएवढे, लिटरला १०० मिली ऑइल लागते, तर नंतरच्या बऱ्याच टू-स्ट्रोक मोटरींना ५० ला १, म्हणजे २० मिली पुरते. ओळख चुकली तर एकतर प्लग काळा होतो, नाहीतर पिस्टन जॅम होतो.

दांड्याची लांबीही मोजून ठेवा. शिकंजा फळीवर जिथे टेकतो तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्यापर्यंत सुमारे १५ इंच भरली तर शॉर्ट, २० भरली तर लाँग.

एक विनंती हात जोडून: सापडल्या सापडल्या दोरी ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचू शकणारी मोटर कायमची जाते. प्लग काढा, भोकांत थोडे डिझेल सोडा आणि चाक हाताने हळू फिरवून बघा. अडले तर जोर लावू नका, तशीच आणा.

आणताना इंजिनाचा भाग पंख्यापेक्षा वर राहील असे बघा, नाहीतर धुराच्या वाटेतले पाणी सिलिंडरमध्ये उतरते. शिकंजा, सुटे नट आणि निघालेली पट्टी पिशवीत घालून सोबत द्या. ओळख पटवण्याचे पैसे आम्ही घेत नाही. मोटर दुरुस्तीच्या लायकीची नसेल तर तेही उघडण्याआधीच सांगतो.