कोरलेला भोपळा चार दिवसांत का खचतो?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेत घरोघरी दाराशी हॅलोविनचे, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या सणासाठी डोळे-नाक-तोंड कोरून आत दिवा ठेवलेले भोपळे येतात आणि त्याच सुमारास मोबाइलवर छोटे व्हिडिओ फिरू लागतात: कापलेल्या कडांना व्हॅसलिन चोळा, भोपळा महिनाभर टिकेल. पण चौथ्या-पाचव्या दिवशी भोपळ्याचं तोंड आत ओढलेलं असतं आणि डोळ्यांच्या कडांवर करडी बुरशी धरलेली असते. व्हॅसलिन अगदीच निरुपयोगी नाही, पण ते फार छोट्या दुखण्यावरचं औषध आहे.

ही प्रथा मूळची आयर्लंड-स्कॉटलंडची. तिकडे ३१ ऑक्टोबरच्या रात्रीसाठी सलगम (टर्निप) हा कंद कोरत. आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यातल्या अशाच एका भेसूर चेहऱ्याच्या सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येनं अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांच्या हाती भोपळा आला. सलगम भरीव, पोखरताना मनगट दुखतं. भोपळा मुळातच पोकळ. कोरायचा हा भोपळा म्हणजे कुकुर्बिटा पेपो ही जात. आपला भाजीचा लाल भोपळा बहुतेक वेळा कुकुर्बिटा मोशाटा असतो.

अख्खा भोपळा १० ते १३ अंश सेल्सिअसला, कोरड्या जागी, दोन-तीन महिने सहज राहतो. सालीवरचा मेणचट थर पाणी आत धरतो आणि बुरशीला बाहेर. काढणीच्या वेळी बारीकसारीक ओरखडे पडलेच तर शेतकरी भोपळे साधारण दहा दिवस २७-२९ अंशांच्या दमट उबेत ठेवतात. त्या उबेत जखमेखालच्या पेशी बुचासारखा थर तयार करतात आणि ओरखडा भरून येतो. आपल्याकडे दाराला टांगलेला कोहळा महिनोन्‌महिने टिकतो तोही अशाच मेणाच्या जोरावर. तो सडला की ‘त्यानं नजर ओढून घेतली’ म्हणतात. प्रत्यक्षात देठाशी किंवा टांगताना सालीला इजा झालेली असते आणि तिथून बुरशी शिरते. नजरेचा काही संबंध नाही.

कोरताना आपण हे कवच फोडतो, तेही थंडीच्या तोंडावर, जेव्हा जखम भरायला लागणारी ऊब नसते. आणि जखम केवढी? आतली पोकळी २५ सेंटिमीटर व्यासाची धरली तर खरवडलेला आतला पृष्ठभाग जवळपास २,००० चौरस सेंटिमीटर भरतो. डोळे-नाक-तोंडाच्या कडांची एकूण लांबी १२० सेंटिमीटर आणि गराची जाडी अडीच सेंटिमीटर असेल तर त्या कडा होतात फक्त ३००. व्हॅसलिन या ३००वर लागतं. पाणी उडतं ते मुख्यतः २,०००वरून. आतला गर सुकून आखडतो, बाहेरची साल तितकी आखडत नाही, म्हणून दात आणि भुवया आत वळतात. दोन वेगळे धातू जोडून केलेली पट्टी तापवल्यावर वाकते त्यातलाच हा प्रकार.

सुकणं एकवेळ परवडलं. खरं नुकसान मऊ पडण्यानं होतं आणि त्यातलं रसायन फार सुंदर आहे. वनस्पतीच्या शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. पेक्टिन म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या घटकांची लांब साखळी. शेजारच्या दोन साखळ्यांवरच्या ऋणभारित गटांमध्ये कॅल्शियमचा आयन (विद्युतभारित अणू) बसतो, त्याच्यावर दोन धनभार, म्हणून तो दोन्हीकडे पकड घेतो. असे आयन रांगेनं बसले की गर कडक राहतो. बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात. चिरलेल्या पेशींतून पाझरलेल्या गोडसर रसावर ते रुजतात आणि पॉलिगॅलॅक्ट्युरोनेझ नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात. हे विकर साखळीच्या दोन घटकांमधला बंध पाण्याचा रेणू वापरून तोडतं. तुकडे जसे आखूड होतात तशी कॅल्शियमची पकड सुटते, पेशी एकमेकींपासून निसटतात आणि त्यांतली साखर बुरशीला मिळते. भोपळ्याचा गर फारसा आंबट नसल्यानं जिवाणूंनाही तो मानवतो; त्यांची विकरं तोच बंध पाण्याशिवाय, वेगळ्या रीतीनं तोडतात. बोट लावल्यावर गर लगद्यासारखा लागतो तेव्हा बऱ्याच पेशी अजून शाबूत असतात, विरघळलेला असतो त्यांच्यामधला डिंक.

आता कोरण्याबद्दल. देठ हिरवट व पक्का, सालीवर नख रुतत नाही असा भोपळा घ्यावा. देठ धरून उचलू नये. तो तुटला की तिथूनच सड सुरू होते. झाकण देठाभोवती कापायचं तर सुरी आत तिरकी धरावी, सरळ कापलं तर झाकण आत पडतं. बिया आणि सगळे तंतू काढावेत, कारण बुरशी आधी तंतूंवर धरते. चेहऱ्याच्या बाजूचा गर खरवडून अडीच सेंटिमीटरपर्यंत आणावा. त्याहून जाड राहिला तर सुरी अडकते, फार पातळ केला तर तो लवकर वळतो.

मग ४ लिटर पाण्यात १५ मिलिलिटर घरगुती ब्लीच (साधारण ५ टक्क्यांचं) घालून भोपळा आतून-बाहेरून धुवावा आणि पालथा घालून पूर्ण निथळू द्यावा. ब्लीचमधलं क्लोरीन पृष्ठभागावरचे बीजाणू मारतं, पण गराच्या रसाशी गाठ पडली की स्वतःही लगेच खर्ची पडतं, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा धुवावं लागतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. व्हॅसलिन लावायचंच तर भोपळा कोरडा झाल्यावर. ओल्या कडेवर लावलं तर ओल आणि बीजाणू दोन्ही आत कोंडले जातात.

सुकून वळलेला भोपळा काही तास गार पाण्यात बुडवला की पेशी पाणी ओढून घेतात आणि चेहरा बराचसा ताठ होतो. मऊ पडलेल्याला हा उपाय चालत नाही, तुटलेलं पेक्टिन पाण्यानं जुळत नाही. मेणबत्तीनं झाकणाचा गर अक्षरशः शिजतो, पेशींची पटलं फुटून रस गळतो. एलईडी दिव्यानं हे टळतं. रात्री बाहेर पारा शून्याखाली जाणार असेल तर भोपळा आत घ्यावा, पेशींत बर्फ झाला तर सकाळी लगदाच उरतो. एवढं सगळं केलं तरी आठवडाभराच्या वर भरवसा धरू नये, म्हणून ३१ तारखेसाठी भोपळा २९ किंवा ३० ऑक्टोबरलाच कोरायला घ्यावा.