‘हकलबरी फिन’ आणि अकरावीचा इंग्रजीचा तास : पार्श्वभूमी

अमेरिकेत अकरावीचे इंग्रजी म्हणजे बहुतेक शाळांत अमेरिकन साहित्याचे वर्ष. मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ याच वर्षी नेमलेली असते. ‘असायची’ म्हटले तर जास्त बरोबर. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांना हे पुस्तक बहुधा लहानपणी संक्षिप्त रूपात भेटलेले असते: नदी, तराफा, घरातून पळालेला मुलगा हक आणि त्याच्यासोबत पळालेला गुलाम जिम. मुलांच्या दप्तरातली मूळ प्रत उघडली की काळ्या माणसांसाठीचा तो शब्द सुरुवातीच्या पानांतच दिसतो आणि मग दिसतच राहतो. पुस्तकभरात दोनशेहून जास्त वेळा. आता तिकडे तो उच्चारत नाहीत, ‘एन-वर्ड’ म्हणतात. इथेही ‘तो शब्द’ एवढेच म्हणू.

पहिला आक्षेप मात्र या शब्दावर नव्हताच. फेब्रुवारी १८८५ मध्ये पुस्तक अमेरिकेत निघाले आणि पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्ड गावच्या ग्रंथालयाने ते काढून टाकले. तक्रार होती हकच्या गावंढळ भाषेची आणि वागण्याची. असला कचरा झोपडपट्टीतच शोभेल, असा समितीचा सूर. ट्वेनने प्रकाशकाला कळवले की यामुळे आपल्या २५,००० प्रती नक्की खपतील. १९०५ मध्ये ब्रुकलिनच्या ग्रंथालयाने ते बालविभागातून हलवले, कारण हकला खाज सुटते, तो चारचौघांत खाजवतो आणि घामाला सभ्य शब्द वापरत नाही.

शाळेत ही कादंबरी शिकवायची, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसावे. हायस्कूलचे इंग्रजी कॉलेज प्रवेशासाठीच्या याद्यांवर चाले आणि त्या याद्यांत इंग्लंडचाच भरणा. पुस्तकाला अभ्यासक्रमाचे वजन आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामवंत प्राध्यापक-समीक्षकाने आणि १९५० मध्ये नुकतेच नोबेल मिळालेल्या एका कवीने त्याला प्रस्तावना लिहिल्या. दोघांनी नदीला देवतेच्या जागी बसवले. तेव्हापासून ३१ वे प्रकरण हा परीक्षेचा हमखास प्रश्न होऊन बसला: जिम कुठे आहे हे त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, कळवणारे पत्र हक लिहितो, हातात धरून विचार करतो आणि ‘बरं तर मग, जाईन नरकात’ म्हणून फाडून टाकतो.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे पुस्तक वर्गात आले त्याच दशकात काळी मुलेही कायद्याने त्या वर्गात आली. गोऱ्यांनी भरलेल्या वर्गात तो शब्द मोठ्याने वाचणे आणि तीस मुलांत एकटा काळा मुलगा बसलेला असताना वाचणे, यात काय फरक आहे हे वाचणाऱ्याला कळले नाही तरी ऐकणाऱ्याला कळते. १९५७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक आणि ज्युनिअर हायस्कूलच्या मंजूर पाठ्यपुस्तकांतून ही कादंबरी वगळली. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सर्वांत मोठ्या संघटनेवर त्याचे खापर फुटले; आपण अधिकृत तक्रार केलेलीच नाही, असे संघटनेने सांगितले.

आता थोडे जिमच्या नावाबद्दल, कारण सगळा गुंता इथेच आहे. पिढ्यान् पिढ्या समीक्षक, चरित्रकार, शिक्षक त्याला तो शब्द पहिल्या नावासारखा जोडून हाक मारत आले. जणू ‘तो शब्द’ नाव आणि ‘जिम’ आडनाव. प्रत्यक्ष कादंबरीत ही जोडी एकदाही येत नाही. तिथे तो ‘जिम’ आहे, फार तर ‘मिस वॉटसनचा जिम’. सगळे आधुनिक अमेरिकन साहित्य याच एका पुस्तकातून निघाले, हे १९३५ सालचे वाक्य प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिले जाते. ते लिहिणाऱ्या कादंबरीकाराने त्याच परिच्छेदात जिमला पळवून नेले जाते तिथे वाचन थांबवा, पुढची सगळी फसवणूक आहे, असा सल्ला दिला. आणि तो देताना जिमचा उल्लेख त्याच जोडनावाने केला. ट्वेनने पात्रांच्या तोंडी घातलेला शब्द एक गोष्ट. वाचकांनी पात्राच्या कपाळावर चिकटवलेला शब्द वेगळी. वादात या दोन्हींचा हिशेब एकाच खात्यावर मांडला जातो.

१९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका शाळेतल्या काळ्या प्रशासकाने हे पुस्तक म्हणजे वर्णद्वेषी कचरा आहे, असे जाहीर करून ते वर्गातून काढण्याची मागणी केली. शाळेला नाव होते खुद्द मार्क ट्वेनचे. ती मागणी टिकली नाही, तेव्हा त्याने पुढे तो शब्द गाळून स्वतःचीच आवृत्ती काढली. ॲरिझोनातल्या एका आईचा खटला जास्त महत्त्वाचा आणि कमी सांगितला जाणारा. पुस्तक नेमल्यानंतर काळ्या मुलांना वर्णद्वेषी शिवीगाळ वाढली आणि शाळेने काही केले नाही, असे तिचे म्हणणे. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने दोन भाग केले: दावा लावून पुस्तक अभ्यासक्रमातून काढता येणार नाही, पण छळ होत असल्याचे कळूनही शाळा हातावर हात ठेवून बसली असेल, तर त्याचा जाब विचारता येईल. माझ्या मते या साऱ्या वादात इतके नेमके कुणी बोललेले नाही.

२०११ मध्ये अलाबामातल्या एका छोट्या प्रकाशनाने जी आवृत्ती काढली, तिने मात्र देशभर धुरळा उडवला. संपादक स्वतः ट्वेनचा जाणकार प्राध्यापक. त्याने तो शब्द २१९ ठिकाणी काढून तिथे ‘गुलाम’ घातला. हेतू सरळ होता. शिकवायची इच्छा आहे पण शिकवता येत नाही, असे शिक्षक त्याला सांगत होते. शब्द जाईल पण पुस्तक तरी टिकेल, हा त्याचा हिशेब.

हिशेब चुकतो तो पुस्तकातच. सहाव्या प्रकरणात हकचा दारुडा बाप ओहायोहून आलेल्या एका काळ्या प्राध्यापकावर तोंडसुख घेतो. पांढराशुभ्र सदरा, सोन्याचे घड्याळ, चांदीच्या मुठीची काठी. कितीतरी भाषा येतात आणि त्याच्या राज्यात त्याला मतदानाचाही हक्क आहे. बापाचे पित्त खवळते ते नेमके तो गुलाम नाही म्हणून. तिथे ‘गुलाम’ बसवायचा कसा? ३२ व्या प्रकरणात हक एका बाईला आगबोटीवरच्या स्फोटाची थाप मारतो. कुणाला लागले का, असे बाई विचारते. नाही, एक अमुक (इथे तोच शब्द) मेला, असे हक म्हणतो. नशीब, कधीकधी माणसांना लागते, असे बाई म्हणते. ट्वेनने अख्खा समाज या तीन वाक्यांत पकडला आहे आणि तो त्या शब्दावरच तोलला आहे. गुलामी कायद्याने संपवता आली. बाईच्या उत्तरात जे आहे ते कायद्याने संपत नाही. ‘गुलाम’ घातला की हा फरकच पुसला जातो. अर्थात, हे सगळे घरी बसून वाचणाऱ्याला पटण्यासारखे आहे. ज्या मुलीकडे सगळा वर्ग वळून बघतो तिला कदाचित नाही.

त्यानंतरच्या बातम्यांत ‘बंदी’ हा शब्द सैल हाताने वापरला जातो. २०१६ च्या अखेरीस व्हर्जिनियातल्या एका काउंटीत एका आईच्या तक्रारीनंतर पुस्तक बाजूला ठेवले गेले आणि काही दिवसांतच परत आले. २०१८ मध्ये मिनेसोटातल्या डुलूथ शहराच्या शाळांनी ते सक्तीच्या वाचनातून काढले, ग्रंथालयात ठेवले. ही बंदी नव्हे. नेमलेले पुस्तक आणि कपाटातले पुस्तक यांत मोठे अंतर आहे. १८८५ मध्ये काँकॉर्डने काढले होते ते कपाटातून; आता काढतात ते यादीतून. वर्गात राहिले तिथेही बहुतेक शिक्षकांचा पहिल्याच तासाला नियम ठरतो: शब्द पानावर बघायचा, तोंडाने म्हणायचा नाही.

२०२४ मध्ये हीच कथा जिमच्या तोंडून सांगणारी ‘जेम्स’ ही कादंबरी आली आणि तिला २०२५ चे पुलित्झर मिळाले. तिच्यातला जिम गोऱ्यांसमोर मुद्दाम मोडकीतोडकी भाषा बोलतो, आपल्या माणसांत शुद्ध बोलतो आणि शेवटी नाव विचारल्यावर ‘जेम्स’ एवढेच सांगतो. दोन्ही पुस्तके जोडीने शिकवावीत, अशी सूचना लगेच पुढे आली. एका सत्रात त्यांतले एक पुरे करतानाच शिक्षकांची दमछाक होते, ती गोष्ट वेगळी.