ट्रायल बाइक जड लागते? प्रीलोड आणि रिबाउंड एक नव्हेत

"मागचं चाक उचलायला जड जातंय, म्हणून शॉकच्या रिंगा दोन फेरे आवळल्या." ट्रायल, म्हणजे दगड-ओंडक्यांच्या अवघड वाटेवरून पाय न टेकता गाडी नेण्याचा खेळ, करणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं. शॉक म्हणजे मागचा धक्काशोषक; त्याच्या स्प्रिंगवरच्या रिंगा आवळल्याने बदलतो तो प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. चाक हलकं उचललं जातं की नाही, हे बहुतेक वेळा रिबाउंडवर, म्हणजे दाबलेली स्प्रिंग परत उघडण्याच्या वेगावर ठरतं. दोन्ही एकाच शॉकवर असतात, दोन्ही 'घट्ट' आणि 'सैल' करता येतात आणि दोन्ही चुकले की तक्रारही एकच येते. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

आधी प्रीलोड, थोडक्यात. तुम्ही फुटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभे राहिलात की गाडी मागे किती बसते, ते तो ठरवतो. ट्रायलला बसून चालवणं नाहीच, तेव्हा माप बूट-हेल्मेट घालून, उभं राहूनच घ्या. एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या) साधारण एक तृतीयांश बसली की पुरे. एक मात्र ठामपणे सांगतो: प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. समजा, स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला 10 किलो लागतात. रिंग 5 मिलिमीटर आवळलीत तर ती 50 किलोपर्यंत हलणार नाही, पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला 10 किलोच घेईल.

आता रिबाउंड. दाबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडते, ते शॉकमधलं तेल ठरवतं. ट्रायलमध्ये आपण गाडी हातांनी उचलत नाही. गुडघ्यांनी ती खाली दाबतो, स्प्रिंगमध्ये ताकद साठवतो आणि ती उसळी मारते त्याच क्षणी अंग वर घेतो. उसळी आणि अंग एका वेळी वर गेलं तर 70 किलोची गाडी स्वतःहून वर येते. रिबाउंड फार मंद असेल तर साठवलेल्या ताकदीतला मोठा वाटा तेलात उष्णता होऊन जातो आणि उरलेली उशिरा पोचते. तुम्ही वर गेलेले, गाडी अजून खालीच. मग सगळं वजन दंडांवर येतं. 'गाडी जड आहे' असं वाटतं ते या क्षणी.

खरी फसगत पुढे आहे. दगडांच्या ओळीवरून जाताना मंद रिबाउंडचा शॉक एका दगडानंतर पुरता उघडायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा. गाडी दर दगडाला थोडी थोडी खाली बसत जाते. मागची बाजू खाली गेली की फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) कोन पसरतो आणि हँडल वळायला आळशी होतं. चालवणाऱ्याला दिसतं एवढंच, की गाडी मागे बसलीय. तो रिंगा आवळतो. आता गाडी उभी असताना नको तितकी उंच राहते, पण दगडांत पुन्हा बसते, कारण रोग तेलाचा होता आणि औषध स्प्रिंगला दिलं.

ओळखायचं कसं? उभ्या गाडीवर माप घेतल्यावर ती जास्त बसत असेल तर प्रीलोड. उभी असताना माप बरोबर आणि दगडांत बसत असेल तर रिबाउंड. याहून जास्त डोकं लावायची गरज नाही.

रिबाउंडचा स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करून क्लिक मोजा आणि लिहून ठेवा. मग होता तिथे आणा, दोन क्लिक उघडा (उघडला की रिबाउंड वेगवान होतो), तोच सेक्शन, म्हणजे अडथळ्यांचा तोच टप्पा, पुन्हा करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम फिरवणाऱ्यांना काहीच कळत नाही. उतरल्यावर मागचं चाक लाथ मारल्यासारखं उडू लागलं किंवा दगडावर पकड सोडू लागलं, की एक क्लिक पुन्हा बंद करा. थंड सकाळी तेल घट्ट असतं, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं चालवून मगच हात लावा. आणि त्याआधी टायरची हवा बघा, मागे 4-5 पीएसआय, पुढे 5-6, कमी दाबाच्या गेजवर. टायरही स्प्रिंगच आहे.

टायटॅनियमच्या बोल्टांवर पैसे घालणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. वजनाला किंमत नाही असं नाही: 1965 मध्ये ट्रायलपटू सॅमी मिलर यांनी हलक्या बुल्टाको गाडीवर स्कॉटिश सिक्स डेज ही ट्रायल स्पर्धा जिंकली आणि जुन्या वजनदार फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस सरले. पण तो फरक कित्येक किलोंचा होता. आजच्या गाडीतून अर्धा किलो काढलात, तर तुमच्यासकट 145 किलोंतला तो अर्धा किलो. लिंकेजच्या (शॉक आणि मागचं चाक जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंगांना ग्रीस लावलंत तर याहून जास्त फरक हाताला लागेल.

फोर्कचंही हेच. पुढचं चाक उचलायला ओढावं लागत असेल तर हँडल बदलण्याआधी रिबाउंड दोन क्लिक उघडून बघा.