कपाळावर बिअरचा ट्रे

सेल्टिक पंक म्हणजे आयरिश लोकगीतं आणि वेगवान, बंडखोर पंक रॉक यांचं मिश्रण. त्याच्या मैफलीत आज अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवायची भात्याची पेटी, दिसली की कुणालाच नवल वाटत नाही. 1982 मध्ये मात्र लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात 'द पोग्ज' हा बँड उभा राहिला, तेव्हा अकॉर्डियन म्हणजे आजोबांच्या पिढीचं वाद्य होतं. ते गळ्यात पडलं जेम्स फर्नली या इंग्रज गिटारवाल्याच्या. बँडमधले बरेचसे इंग्रजच होते, पण गायक शेन मॅकगोवन आयरिश आईबापांचा. त्याच्या लहानपणाचा काही काळ आयर्लंडमधल्या टिपरेरीत आजोळी गेला, आणि घरात गाणं सदाचंच. स्पायडर स्टेसी टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, वाजवायचा, आणि रंगात आला की बिअरचा लोखंडी ट्रे स्वतःच्या कपाळावर आपटून ताल धरायचा!

मूळ नाव 'पोग महोन', म्हणजे आयरिश भाषेत 'माझ्या ढुंगणाचा मुका घे'. अर्थ कळणाऱ्यांनी बीबीसीकडे तक्रारी केल्या आणि नावाला कात्री लागली.

हा नुसता वात्रटपणा नव्हता. आयरिश अतिरेक्यांवर ठपका आलेल्या 1974 च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांनंतर इंग्लंडात आयरिश उच्चार कानावर पडला की लोक संशयाने बघत. अशा शहरात स्थलांतरितांची जुनी गाणी पंकच्या वेगाने, तीही टिपेच्या आवाजात म्हणणं ही सरळ कुरापत होती. 1984 मध्ये 'द क्लॅश' या गाजलेल्या पंक बँडच्या दौऱ्यात आधी वाजवायची संधी मिळाली आणि पबमधला हा गोंधळ मोठ्या सभागृहांत पोचला.

पुढे दौरे वाढत गेले, दारूही. ती मॅकगोवनच्या प्रतिमेचा भाग झाली आणि प्रेक्षकांनाही तेच हवं होतं, हे मला जास्त खटकतं. एकदा अमेरिकेत बॉब डिलनच्या आधी वाजवायचं होतं, तिथे हा पोचलाच नाही. 1991 मध्ये जपानच्या दौऱ्यात सोबत्यांनीच त्याला काढून टाकलं. त्याच्या जागी गायला आला 'क्लॅश'चाच गायक जो स्ट्रमर.

1996 मध्ये बँड संपला. 2001 च्या नाताळात सगळे पुन्हा एकत्र आले, अगदी मॅकगोवनसकट, आणि 2014 पर्यंत अधूनमधून वाजवत राहिले. तोवर 'फ्लॉगिंग मॉली' आणि 'ड्रॉपकिक मर्फीज' हे बँड अमेरिकेत तोच वारसा घेऊन फिरत होते.

30 नोव्हेंबर 2023 ला मॅकगोवन गेला. टिपरेरीतल्या नीना गावच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. वेदीपाशी त्याचं नाताळचं गाणं सुरू झालं, आणि घरचे लोक शवपेटीशेजारी उठून नाचू लागले.