नमुना करायला येताना सोबत काय आणाल?

(आमच्या वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी, जळगाव एमआयडीसी)

तुम्हाला हव्या त्या वस्तूचा पहिला पीस, म्हणजे नमुना, करून द्यायची आमच्याकडची बहुतेक कामं एका फोटोनं सुरू होतात. व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि मागोमाग निरोप, "फोटो धाडेल शे ना भाऊ, तसंच बनाडी द्या." माप विचारलं तर उत्तर मिळतं, "एक इंची पाईपवर बसेल असं करा." तुमचे-आमचे चार दिवस वाया जायला इथूनच सुरुवात होते.

एक इंच म्हणजे कोणता इंच? पाण्याचा एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप बाहेरून मोजला तर साधारण ३३.७ मिलिमीटर भरतो. तिथला इंच आतल्या पोकळीचा, आणि तोही नावापुरताच. खुर्ची-टेबलाला लागणारा एमएसचा (साध्या पोलादाचा) एक इंची गोल पाईप मात्र बाहेरून २५.४ मिलिमीटर. एका ग्राहकाला फोनवरच्या मापानं आम्ही ४० क्लॅम्प करून दिले, त्यातला एकही त्यांच्या पाईपवर चढेना. सांगितलं तेच केलं होतं, पण भांडून काय मिळणार? पट्टी कापून झाली होती. तेव्हापासून नियम केला: आपली वस्तू ज्याच्यावर बसणार किंवा ज्यात अडकणार, त्याचा वीतभर तुकडा घेऊन या. बाटली असेल तर बाटली, झाकण असेल तर झाकण. जड असेल तर आम्ही येऊन माप घेतो, पेट्रोलचा खर्च तेवढा द्यावा. अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही.

तुकड्याइतकीच गरज असते माणसाची, आणि ते कुणाला पटत नाही. नंदुरबारहून एक व्यापारी आले होते. मिरचीच्या पथारीवर (मिरची वाळत घालायच्या मोकळ्या जागेवर) बायका दिवसभर देठ खुडत बसतात, त्यांच्यासाठी बसायला काहीतरी हवं, असं त्यांच्या मनात होतं. विचार चांगला होता. त्यांनी मोबाइलमधून एका चाकाच्या स्टुलाचा फोटो आणला, उंची दहा इंच. आम्ही केलं, ते स्वतः बसून बघितले, "मस्त" म्हणाले आणि घेऊन गेले. आठवड्यानं फोन आला की एकही बाई त्यावर बसत नाही, सगळ्याजणी घडी घातलेल्या गोणपाटावरच.

मग दोघी मावश्यांना सोबत घेऊन या म्हटलं. त्या आल्या, जमिनीवर मिरची पसरली आणि पाच मिनिटांत सगळं कळलं. ढीग जमिनीवर असतो. दहा इंचांवर बसलं की प्रत्येक मिरचीसाठी कंबरेत वाकावं लागतं. चाकात लुगड्याचा काठ अडकतो. आणि सावली सरकली की त्यांनाही सरकावं लागतं, म्हणजे बैठक एका हातानं उचलता आली पाहिजे. शेवटी झालं ते असं: साडेचार इंच उंची, पुढच्या बाजूला किंचित उतार, चाकं नाहीत, मध्ये चार बोटं जातील असं भोक. खर्चही पहिल्यापेक्षा कमी. त्या मावश्या पहिल्याच दिवशी आल्या असत्या तर एक अख्खा नमुना वाचला असता. घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा असेल, तर वापरणाऱ्याला आणल्याशिवाय आम्ही लोखंडाला हात लावत नाही. कुणाला हा आमचा हट्ट वाटतो. वाटू द्या.

गावातला हापसा तुम्ही लहानपणी मारलाच असेल. आपल्याकडे आधी आलेले ओतीव लोखंडाचे पंप परदेशातल्या एकेका शेतघरासाठी बेतलेले होते. एका कुटुंबाच्या वापरासाठी ठीक होते, पण इथे दिवसभर सगळं गाव त्यावर पाणी भरायचं, म्हणून ते सारखे मोडायचे. मग जालना आणि सोलापूरकडच्या लोकांनी पोलादी, एका खिळीवर हलणारे पंप तयार केले आणि त्याच वाटेनं १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' आला. जो दांडा धरणार त्याचा विचार झाला, तेव्हा कुठे पंप टिकला.

आता नेहमीचा प्रश्न: "एकाच पीसचे एवढे पैसे?" पहिल्या पीसला माप काढणं, जिग (प्रत्येक पीस एकाच मापात पकडून ठेवणारा सांगाडा) बांधणं, दोनदा चुकणं हे सगळं येतं. पुढचे पन्नास त्याच जिगवर भराभर निघतात. म्हणून आम्ही आधी पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा नमुना करतो, तो स्वस्तात होतो आणि बहुतेक चुका त्यातच सापडतात. पुठ्ठ्याला नाक मुरडू नका. पन्नास पीसची ऑर्डर आली की नमुन्याचे पैसे बिलातून वजा होतात. प्लास्टिकची डाय (ओतायचा साचा) काढा म्हणणाऱ्यांना आम्ही स्वतःच थांबवतो. काही शे पीस खपल्याशिवाय डायचा खर्च निघत नाही. तोवर पत्रा वाकवून किंवा पीव्हीसी पाईप कापून काम भागतं.

थ्रीडी प्रिंटचा पीस मागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पीएलए नावाचं स्वस्त प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतात, बंद गाडीतल्या डॅशबोर्डचं तर विचारूच नका. उन्हात राहणारी वस्तू असेल तर आधीच सांगा, दुसरा माल वापरू.

काहीजण वस्तू कशासाठी हवी तेच सांगत नाहीत. "आयडिया बाहेर जाईल." अहो, कशासाठी ते कळलं नाही तर मजबुती कुठे द्यायची आणि वजन कुठे कमी करायचं? खरंच धास्ती असेल तर आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा, पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. तोवर आम्ही लिहून देतो की तुमचं चित्र दुसऱ्याला दाखवणार नाही.

इंजिनीअरिंगच्या मुलांनो, अख्खा प्रोजेक्ट करून मिळणार नाही. कापून, वाकवून, वेल्डिंग करून देऊ. जोडायचं तुम्ही, इथेच बसून. हत्यारं आमची, चहा आमचा.

एसटीनं पार्सल पाठवणाऱ्यांनी वस्तूवर नाव-गाव चिकटवावं. दिवाळीत आलेला पितळी नळ अजून कपाटावर पडून आहे. ज्यांचा असेल त्यांनी फोन करावा, त्याला काय जोडायचं होतं तेही सांगावं.