केंदाळातला मासा आणि दोऱ्याचे वेढे

गेल्या दिवाळीनंतर आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावतळ्याच्या बांधावर एक तरुण ऑनलाइन मागवलेला गळाचा नवा रॉड हातात धरून केंदाळाकडे हताशपणे पाहत उभा होता. रॉडच्या दांड्यावर बारीक अक्षरांत ‘बास’ असे छापले होते, आणि जाहिरातीत त्याचे वर्णन ‘४० टन कार्बन’ असे केलेले होते. केंदाळातल्या एका मोकळ्या फटीत त्याने सोडलेला रबरी बेडूक मरळ माशाने धडाक्यात घेतला, रॉड कमानीसारखा वाकला, आणि दोन-तीन सेकंदांत मासा पाण्याखालच्या देठांत शिरून असा अडकला की शेवटी दोराच कापावा लागला. चाळीस टन पेलणाऱ्या काठीला दोन-अडीच किलोचा मासा बाहेर काढता येत नाही, म्हणजे ही शुद्ध फसवणूक आहे, असे त्याचे म्हणणे पडले. शेजारी कपडे धूत असलेल्या आजींनी मात्र, तळ्यातल्या आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, मासा धरून ठेवला, असा निर्वाळा दिला. दोन्ही निदाने चुकीची असली, तरी मासा कोणीतरी ‘धरून ठेवला’ ही आजींची भावना भौतिकशास्त्राच्या अधिक जवळ जाणारी आहे, आणि केंदाळातल्या माशासाठी रॉड कसा निवडावा, याचे उत्तरही तिथेच सापडते.

आधी ‘बास’विषयी. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला गोड्या पाण्यातला मासा असून तो आपल्या तळ्यांत आढळत नाही. गळाने पकडलेल्या या माशाच्या वजनाचे दोन जागतिक विक्रम, १९३२ सालचा जॉर्जियातला आणि २००९ सालचा जपानच्या बिवा सरोवरातला, दोन्ही जेमतेम दहा किलोंच्या वर आहेत. एरवी गळाला लागणारा बास एक-दोन किलोंचाच असतो. तो पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो. आपली मरळ हेच करते. शिवाय तिला श्वासासाठी अधूनमधून पाण्यावर येऊन हवा घ्यावी लागत असल्यामुळे केंदाळातल्या फटी तिच्या ठरलेल्या खिडक्या असतात. गंमत अशी की फ्लोरिडातले गळकरी ज्या हायड्रिलाच्या जंगलात बास शोधतात, ती वनस्पती मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५०च्या दशकात आशियातून तिकडे गेली, आणि आपली तळी गिळणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची आहे. त्यामुळे दाट वनस्पतीत बाससाठी रॉड कसा निवडावा, याचे उत्तर मरळीलाही बरेचसे लागू पडते.

रॉड माशाचे वजन पेलण्यासाठी असतो, हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. पोटातल्या वाताशयामुळे माशाचे पाण्यातले वजन जवळजवळ शून्य असते. मोकळ्या पाण्यात आपण फक्त त्याच्या शेपटीच्या जोराशी झुंजत असतो आणि तो जोर थोड्या वेळात ओसरतो. केंदाळात मात्र प्रतिस्पर्धी बदलतो. तिथे झुंज दोऱ्याला पडणाऱ्या वळणांशी असते.

उधळलेल्या बैलाचा कासरा झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एका हाताने धरणारा माणूस पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या मनगटात बैलाएवढी ताकद नसते, ती घर्षण पुरवते. आणि हे घर्षण वेढ्यागणिक बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. त्याचे कारण असे. वळलेल्या दोऱ्याचा एक अगदी लहान तुकडा घ्या. तो बुंध्यावर जितका दाबला जातो तितके तिथे घर्षण होते, आणि तो किती दाबला जाईल हे त्या ठिकाणी दोऱ्यात असलेल्या ताणावरच अवलंबून असते. म्हणजे प्रत्येक तुकडा आधीच्या ताणाच्या एका ठरावीक हिश्श्याएवढी भर घालतो, पुढचा तुकडा त्या वाढलेल्या ताणावर पुन्हा तेवढ्याच हिश्श्याची भर घालतो, आणि सोसायटीच्या थकलेल्या कर्जावर चक्रवाढ व्याज चढावे तसा हा आकडा चढत जातो. ऑयलर या गणितज्ञाने १८व्या शतकात हे गणित मांडले. दोरा आणि बुंधा यांच्यातला घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती हिश्श्याएवढे घर्षण होते ते माप, ०.२ धरला, तर एका पूर्ण वेढ्यात ताणांचे गुणोत्तर साडेतीन होते, दोन वेढ्यांत सुमारे बारा आणि तीन वेढ्यांत सुमारे त्रेचाळीस. या सूत्रात बुंध्याची जाडी कुठेच येत नाही. फक्त दोरा एकूण किती अंशांत वळला आणि घर्षणांक किती, एवढेच येते.

आता हा बुंधा काढून त्या जागी जलपर्णीचे किंवा कमळाचे देठ ठेवा. मासा कोणत्याही एका देठाभोवती पूर्ण फेरी मारत नाही, पण दहा देठांना प्रत्येकी ३६ अंशांनी वळसा घालून गेलेल्या दोऱ्याचा हिशेब एका पूर्ण वेढ्याएवढाच होतो. तुम्ही हातात पाच किलोंची ओढ दिली, तर माशापर्यंत दीड किलोही पोहोचत नाही. वीस देठ झाले तर चारशे ग्रॅम पोहोचते, आणि एवढ्या ओढीने मरळ जागची हलतही नाही. देठ लवचीक असल्यामुळे ते वाकतात, काही तुटतात, काही मुळांसकट ओढले जाऊन ओल्या गवताचा भारा म्हणून दोऱ्यावर चढतात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे कमी-अधिक होतात, पण गुणाकाराचा स्वभाव तोच राहतो. आजींच्या आसरा त्या ह्याच. त्यांना खणा-नारळाची गरज नाही. दोरा सरळ राहिला की त्या सोडून देतात.

म्हणून केंदाळातल्या रॉडची परीक्षा पहिल्या दोन सेकंदांत होते. माशाचे डोके वर वळवून त्याला देठांत शिरण्यापूर्वी मीटरभर हलवता आले पाहिजे. येथे आणखी एक गैरसमज आड येतो, तो म्हणजे ताठ रॉड हाताला जास्त बळ देतो हा. प्रत्यक्षात रॉड ही उलटी तरफ आहे. सात फुटी, म्हणजे सुमारे २१० सेंटिमीटर लांबीच्या रॉडचे बूड पोटाला टेकवून पुढचा हात ४० सेंटिमीटरवर धरला, तर टोकाशी काटकोनात दोन किलोंची ओढ देण्यासाठी त्या हाताला साडेदहा किलोंचा जोर लावावा लागतो. मऊ रॉड खोल वाकला की तरफेचा लांब बाहू आखूड होतो, म्हणजे हाताला उलट सोयच होते. पण या वाकण्यात हाताने मारलेल्या झटक्याचा मोठा वाटा खर्ची पडतो, मासा जागेवरच राहतो आणि त्याला हवे असलेले दोन सेकंद मिळतात. ताठ रॉड बळ वाढवत नाही, तो अंतर वाचवतो.

ताठपणा कशातून येतो, हेही पाहण्यासारखे आहे. भरीव काठीत व्यास हीच जाडी, आणि तो दुप्पट झाला की ताठपणा सोळापट होतो. पोकळ नळीत भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर ताठपणा साधारण आठपट आणि वजन दुपटीच्या आसपास. बुरुडाकडून आणलेला कळक नेमका हाच हिशेब सांभाळतो: आत पोकळ, आणि भिंतीतले धागे बाहेरच्या अंगाला जास्त दाट. जाहिरातीतले ‘४० टन’ हा मात्र भार नव्हेच. तो कार्बनच्या धाग्याचा यंगचा गुणांक, म्हणजे धागा ताणाला किती ताठ राहतो याचे माप आहे: दर चौरस मिलिमीटरला ४० टन. याच मापात पोलाद सुमारे २०, साधा कार्बन २४ आणि काचतंतू सात भरतो. गुणांक चढा असलेला धागा हलका व ताठ रॉड देतो, पण बहुधा तो थोड्याच ताणाने मोडतो. भारा ओढण्याच्या कामाला साध्या कार्बनचा जाड बुडाचा रॉड पुरतो, आणि पैसेही वाचतात.

तेव्हा निवड अशी: सात ते साडेसात फूट लांबी, ‘हेवी’ ताकद, आणि फक्त टोकाकडचा भाग वाकणारी ‘फास्ट’ चाल, म्हणजे बेडूक नेमक्या फटीत फेकता येतो आणि खालचा दांडा ताठ राहतो. दोरा पॉलिथिलीनचा विणलेला, ५० ते ६५ पौंडांचा, म्हणजे तेवढी ओढ सोसणारा. दोन किलोंच्या माशाला एवढा दोरा हास्यास्पद वाटेल, पण नायलॉन भाराखाली दहा टक्के ताणला गेला, असे धरले तरी पंधरा मीटर दोऱ्यात दीड मीटर तिथेच जातो. शिवाय पॉलिथिलीन निसरडे असते, आणि चक्रवाढीत व्याजाचा दर महत्त्वाचा: घर्षणांक ०.२ वरून ०.१ वर आला, तर दोन वेढ्यांचे बारा साडेतीनवर येतात. रीलची ब्रेक मात्र पूर्ण आवळलेली हवी.

त्याच बांधावर भातकापणी उरकून आलेले एक तात्या बारा फुटी कळकाला रील न लावता जाड दोरा बांधून बसतात. मासा लागला की ते काठी उचलत नाहीत. ती माशाच्या रोखाने सरळ धरून पाठमोरे पाच-सहा पावले बांध चढतात. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “आत शिरू दिलास की संपलं बघ.” काठी दोऱ्याच्या रेषेत आली की उलटी तरफ उरतच नाही, हाताचा जोर जसाच्या तसा गळापर्यंत जातो, आणि दोऱ्याला पहिले वळण पडण्याआधी मरळ केंदाळावरून घसरत चिखलात आलेली असते.