कलमाखालचे दुसरे झाड

1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने बियांपासून ॲव्होकॅडोची रोपे वाढवली. ती खुंट म्हणून, म्हणजे खालचे मुळांचे झाड म्हणून, वापरून त्यांवर एका नावाजलेल्या वाणाची कलमे बांधायची, असा त्याचा बेत होता. एका रोपावर कलम काही केल्या जगेना. शेवटी त्याने त्याचा नाद सोडला आणि रोप तसेच वाढू दिले. 1935 मध्ये त्याच झाडाच्या वाणाचे पेटंट हासच्या नावावर झाले. आज जगाच्या बाजारात येणारा बहुतांश ॲव्होकॅडो हाच आहे आणि हास वाणाचे झाड कुठेही असो, त्याचा वरचा भाग त्या एका झाडाच्या काडीपासून आलेला आहे. मूळ झाड 2002 मध्ये मूळकुजीने मेले. त्याच्या फांद्या मात्र दुसऱ्यांच्या मुळांवर जगताहेत.

गोड फळाची बी पेरून तसेच फळ का मिळत नाही? बी म्हणजे दोन पालकांच्या जनुकांची नवी सरमिसळ. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना तर स्वतःचे परागकण चालतच नाहीत, त्यामुळे बी संकरितच निघते. तिचे फळ बहुधा बेताचेच असते. शिवाय बियांपासून आलेले झाड कित्येक वर्षे फुलतच नाही. कलमाची काडी प्रौढ झाडावरून घेतलेली असते, तिचे बालपण केव्हाच सरलेले असते. म्हणून कलम लवकर फळते. बी पेरून तसेच फळ मिळत नाही, याला आंब्याच्या काही जाती आणि बरीचशी लिंबूवर्गीय झाडे अपवाद आहेत. त्यांच्या एका बीतून अनेकदा एकाहून जास्त रोपे उगवतात आणि त्यांतली बहुतेक फलनाशिवाय, थेट मातेच्या ऊतींपासून तयार झालेली असतात. एकसारखे खुंट हवे असतील तर अशी बी फार सोयीची.

सगळा खेळ सालीच्या आत आणि लाकडाच्या बाहेर असलेल्या एका पातळ थरात चालतो. हा थर म्हणजे कँबियम. झाडाची जाडी वाढवणाऱ्या या पेशी सतत विभागत असतात. पाचर कलम करताना खुंटाचा शेंडा छाटून मधोमध चीर देतात आणि काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत बसवतात. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मध्यभागी ठेवून चालत नाही. एका कडेला सरकवून साल सालीला भिडवावी लागते, कारण कँबियमला कँबियम टेकले नाही तर पट्टी कितीही घट्ट बांधा, काडी वाळणारच. जुळले, तर दोन्ही बाजूंच्या जखमांतून पेशींचा मऊ पुंजका वाढतो, मधली फट भरते आणि मग त्याच पेशींतून पाणी व अन्न वाहणाऱ्या नलिका घडतात. तोवर काडीला स्वतःच्या साठ्यावर तग धरायचा असतो. म्हणून तिची पाने काढतात आणि वर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. डोळा भरणे हा याचाच छोटा प्रकार, त्यात अख्ख्या काडीऐवजी सालीसकट एकच डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, पुरतो.

एवढी घट्ट सांधाजोड होऊनही दोन्ही झाडांची जनुके आपापल्या बाजूलाच राहतात. सांध्याखालून फुटलेला फुटवा हा खुंटाचाच, आणि तो वेळीच काढला नाही तर बागेत भलतेच फळ लागते.

रोप विकत घेताना सगळे वाणाचे नाव विचारतात, खुंटाचे क्वचित कोणी. माझ्या मते हे उलटे आहे, कारण बागा बुडाल्या आणि वाचल्या त्या बऱ्याचदा खुंटामुळे. 1860 च्या दशकात अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचलेल्या फायलोक्झेरा या किडीने द्राक्षवेलींची मुळे पोखरून मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. उपाय सापडला तो या किडीशी जुळवून घेतलेल्या अमेरिकी वेलींच्या मुळांत: खाली अमेरिकी खुंट, वर युरोपी वाण. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातून पुढे आलेला एम-9 हा खुंट सफरचंदाचे झाड इतके ठेंगणे ठेवतो की शिडीशिवाय फळे काढता यावीत.

संत्र्याचा अनुभव जास्त बोलका आहे. मूळकूज व डिंक्या रोगाला दाद देत नाही म्हणून आंबट संत्र्याचा खुंट जगभर पसरला. मग ट्रिस्टेझा हा विषाणू आला. या विषाणूने गोड संत्र्याचे झाड स्वतःच्या मुळांवर असताना सहसा मरत नाही, आंबट संत्र्याचेही नाही. पण आंबट खुंटावर गोड संत्रे बांधलेले असेल, तर सांध्याखालच्या अन्नवाहिन्या मरतात आणि मुळे उपाशी पडतात. अशी कोट्यवधी झाडे गेली.

खुंटाची भानगडच नको असेल तर फांदीलाच मुळे फोडायला लावता येते. द्राक्ष आणि अंजीर नुसत्या छाटाने, म्हणजे तोडून मातीत खोचलेल्या फांदीने, लागतात. डाळिंब, लिची, पेरू यांत गुटी चालते. फांदीवरची साल गोल कड्यासारखी काढून तिथे ओले शेवाळ बांधायचे. लाकडातून पाणी वर जातच राहते, पण पानांनी बनवलेली साखर आणि मुळे फुटायला लावणारे ऑक्सिन हे संप्रेरक सालीतून खाली उतरताना कड्याच्या वर अडते. तिथेच मुळ्या येतात.

केळीची गोष्ट वेगळी. ती एकदल असल्याने तिच्यात असे कँबियम नसतेच. म्हणून तिची लागवड मुनव्यांनी, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांनी, किंवा ऊतिसंवर्धनाने होते, आणि मातीतली पनामा मर बुरशी मुळांतून शिरली की खुंट बदलण्याची पळवाट उरत नाही. एकदल वनस्पतींचे कलम होत नाही, असे पुस्तकांत छापलेले असे. 2022 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ते खोडून काढले. बियांतल्या गर्भाच्या कोवळ्या ऊती जोडून त्यांनी ओटच्या मुळांवर गहू वाढवला आणि केळीसारख्या वनस्पतींतही सांधा जुळू शकतो हे दाखवले. गव्हाला दाणे असतात, खायच्या केळीत मात्र बीच नसते. तिचे गर्भ प्रयोगशाळेत ऊतींपासून घडवावे लागतील.